हेरकादंबरीचा वाचक आणि समीक्षेचे मौन

युद्धकाळावरील हेरकादंबरी प्रसिद्ध झाली की प्रकाशक वाचकांकडे अभिप्राय मागतात, आणि ‘एका बैठकीत वाचून संपवली’ या जातीची वाक्ये पुढल्या आवृत्तीच्या मलपृष्ठावर जाऊन बसतात. मराठी समीक्षा या व्यवहाराकडे तुच्छतेने पाहते. ही तुच्छता अगदीच अकारण नाही. परंतु तिच्याआड समीक्षेने स्वतःचा अपराध दडवला आहे. ज्या वाङ्मयप्रकाराला तिने विवेचनाचे निकषच दिले नाहीत, त्याच्या वाचकाला उत्कंठेपलीकडची भाषा सुचावी कोठून?

पालघर जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. २०१४ साली अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याचे मुख्यालय कोळगाव येथे आहे, आणि अर्नाळा याच जिल्ह्यात मोडते. त्या गावाचे नाव धारण करून चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६–१९९६) म्हणजेच बाबूराव अर्नाळकर यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्या वाचकांची संख्या अभिमानाने सांगितली जाते. ते काय वाचत होते, हे मात्र सांगितले जात नाही. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला मोर्चावर गोळीबार होऊन पाचजण हुतात्मा झाले. महायुद्ध चालू असता हे पाहणाऱ्या पिढीने पुढे हेरकथा वाचल्या, तेव्हा ‘शत्रू’ या शब्दाने तिच्या डोळ्यांसमोर कोण उभे राहिले असेल: दूरचा जर्मन-जपानी सैनिक, की बंदूक रोखणारा पोलीस? हा प्रश्न विचारता येण्याजोगा होता, तेव्हा समीक्षेच्या मुख्य प्रवाहाने तो विचारला नाही. गुरुनाथ नाईकांच्या कॅप्टन दीपच्या वाचकांनाही तिने असेच वाऱ्यावर सोडले.

वाचकांचे अभिप्राय विस्कळीत व व्यक्तिनिष्ठ असतात, हा आक्षेप आता शिळा झाला आहे. आय. ए. रिचर्ड्स यांनी कवींची नावे झाकून कविता विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या आणि त्यांच्या चुकीच्या वाचनांनाच १९२९ साली अभ्यासविषय केले. हान्स रॉबर्ट याउस यांनी अपेक्षांच्या क्षितिजाची संकल्पना मांडली. जॅनिस रॅडवे यांनी प्रणयकादंबऱ्या वाचणाऱ्या सामान्य स्त्रियांशी बोलून १९८४ साली ग्रंथ सिद्ध केला. ही नावे आपल्या चर्चासत्रांतून भक्तिभावाने उच्चारली जातात. त्यांनी केलेले काम करण्याची निकड मात्र भासत नाही. उलट, लेखकाचा मृत्यू घोषित करून वाचकाला सार्वभौम ठरविणारेही प्रत्यक्ष वाचकाच्या वाटेस जात नाहीत. एक पक्ष वाचकाला अडाणी मानतो, दुसरा त्याला अमूर्त करतो. श्रम दोघांचेही वाचतात.

येथे पणाला काय लागले आहे? हेरकादंबरी वाचकाकडून एक विशिष्ट नैतिक संमती मिळवते: देशासाठी बोललेले असत्य हे असत्य नव्हे, आणि गुपित ठेवणाऱ्याला जाब विचारू नये. ही संमती सर्वत्र सारखीच दिली जात असेल, असे मानण्यास आधार नाही. तारापूरला १९६९ पासून अणुवीजकेंद्र आहे. त्याच्या विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरणच्या ग्रामस्थांना आपली गावे सोडावी लागली. ‘राष्ट्रहित’ आणि ‘गोपनीयता’ हे शब्द तेथे कादंबरीत प्रथम भेटत नाहीत. बोईसरचा पाळीवरून परतलेला कामगार आणि पुण्याचा प्राध्यापक यांना एकाच पानावर एकच थरार जाणवतो, हे गृहीतक तपासून पाहिल्याखेरीज स्वीकारणे म्हणजे समीक्षेने प्रकाशकाची जाहिरात सही करून देणे होय.

तेव्हा अभिप्राय अवश्य मागवावेत. पण ‘आवडली का?’ हा प्रश्न विक्रेत्यासाठी सोडावा. नायकाचे खोटे कोणत्या प्रसंगी पटले आणि कोठे खटकले? शत्रूला चेहरा होता काय? फितुराविषयी क्षणभर तरी सहानुभूती वाटली काय? युद्ध संपल्यावर काय उरले? तालुक्याच्या वाचनालयात बसून हे प्रश्न विचारणे पदव्युत्तर विद्यार्थ्याला सहज शक्य आहे. प्रबंधासाठी एखाद्या मान्यवर लेखकाचा दहाव्यांदा परामर्श घेण्यापेक्षा ते अधिक मोलाचेही ठरेल. मिळालेली उत्तरे म्हणजे समीक्षा नव्हे. ती समीक्षेची सामग्री होय. अर्नाळकरांच्या पहिल्या वाचकांची साक्ष आता मिळणे कठीण. आजच्या वाचकांची साक्षही हातची गेली, तर दोष त्यांच्या अभिरुचीला देता येणार नाही.