परीक्षणातलं यंत्र कुणी दिलं?

बारावीचा निकाल लागून इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की घरोघरी लॅपटॉपचा विषय निघतो. व्यवहार पन्नास-साठ हजारांचा, म्हणजे बऱ्याच घरांत दोन पगारांचा. मुलगी यूट्यूबवरचे चार व्हिडिओ दाखवते, बाबा वर्तमानपत्राच्या पुरवणीतलं कात्रण पुढे करतात. अशा घरांना माझं सांगणं एवढंच आहे: परीक्षणं जरूर वाचा, पण कोणतं मॉडेल पहिलं आलं हे पाहण्याआधी परीक्षकाच्या हातात ते यंत्र कुठून आलं आणि त्यानं कधी लिहिलं, हे शोधा.

'पैसे खाऊन लिहितात' असं आपण पटकन म्हणून मोकळे होतो. २००९च्या निवडणुकीत 'पेड न्यूज' गाजल्यापासून तर पाकिटाशिवाय दुसरा संशय आपल्याला सुचतच नाही. संगणकाच्या पत्रकारितेत पाकिटाची गरज सहसा पडत नाही. बाजारात येण्याआधी कंपनी नवं यंत्र परीक्षकाला वापरायला देते. अट एकच, ठरलेल्या तारखेच्या, ठरलेल्या तासाच्या आधी काही प्रसिद्ध करायचं नाही. ज्याला यंत्र मिळालं त्याचा व्हिडिओ त्या तासाला झळकतो आणि लाखो लोक बघतात. ज्याला मिळालं नाही तो पदरचे पैसे घालून विकत घेतो, आठ-पंधरा दिवस तपासतो आणि लिहितो, तोवर गर्दी पांगलेली असते. पुढच्या वेळी यादीतून आपलं नाव गळू नये, ही धास्ती मग कुणी धमकावलं नाही तरी असतेच.

एकदा मात्र एका कंपनीनं नाव गाळल्याचं लेखी कळवलं. डिसेंबर २०२०मध्ये एनव्हिडियानं ऑस्ट्रेलियातल्या 'हार्डवेअर अनबॉक्स्ड' या चॅनेलला ईमेल पाठवला, की यापुढे आमची ग्राफिक्स कार्डं तुम्हाला परीक्षणासाठी मिळणार नाहीत. कारण काय, तर हे लोक प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणाऱ्या, कंपनीला लाडक्या असलेल्या 'रे ट्रेसिंग' तंत्रापेक्षा खेळांच्या साध्या वेगालाच जास्त महत्त्व देतात. चॅनेल मोठं, प्रेक्षक खमके. गदारोळ झाला आणि कंपनीनं दोन-तीन दिवसांत माफी मागितली. छोट्या चॅनेलला असा ईमेल आला असता तर तो तुमच्या-माझ्या कानावरही आला नसता.

जाहिरातदाराचं वजन ही त्याहून जुनी गोष्ट. मे २००७मध्ये अमेरिकेतल्या 'पीसी वर्ल्ड'चे संपादक हॅरी मॅक्रॅकन यांनी राजीनामा दिला. अ‍ॅपलबद्दल न आवडणाऱ्या दहा गोष्टी सांगणारा लेख मासिकाच्या नव्या प्रमुखानं अडवला होता. बोभाटा झाल्यावर त्या प्रमुखाला दुसरीकडे हलवलं, मॅक्रॅकन परत आले, लेखही प्रसिद्ध झाला. ही गोष्ट सुखान्त झाली म्हणून आपल्याला ठाऊक आहे. लेख अडला आणि संपादक गप्प बसला, अशा गोष्टी बाहेर येत नाहीत.

आकडे दिले की लेख खरा वाटतो, तिथेही थांबा. ऑक्टोबर २०१८मध्ये इंटेलनं कोअर आय-९ ९९००के हा प्रोसेसर जाहीर केला. आगाऊ नोंदणी सुरू झाली, स्वतंत्र परीक्षणं अजून यायची होती. नेमक्या त्याच वेळी प्रिन्सिपल्ड टेक्नॉलॉजीज या संस्थेचे आकडे पुढे आले आणि त्यांत प्रतिस्पर्धी एएमडीचा रायझन ७ २७००एक्स हा प्रोसेसर फारच मागे पडलेला दिसला. चाचणी इंटेलनं पैसे देऊन करवून घेतलेली होती. 'गेमर्स नेक्सस' या यूट्यूब चॅनेलनं खोदून विचारल्यावर कळलं, की रायझन 'गेम मोड' नावाच्या सेटिंगवर तपासला होता आणि त्या सेटिंगमुळे त्याचे निम्मे कोअर बंद पडले होते. फेरचाचणी झाली, अंतर कमी झालं. पहिला अहवाल खोटा होता असं म्हणता येणार नाही, आकडे मोजलेलेच होते. म्हणून चाचणीचा खर्च कुणी केला आणि यंत्र कोणत्या सेटिंगवर होतं, हे न सांगणारा आलेख पाहून पैसे काढू नका.

मग एखादं चांगलं नाव धरून बसावं का? तसंही जमत नाही. 'टॉम्स हार्डवेअर' हे जुनं, जाणतं संकेतस्थळ. ऑगस्ट २०१८मध्ये एनव्हिडियाच्या नव्या आरटीएक्स कार्डांची स्वतंत्र परीक्षणं येण्याआधीच तिथे लेख आला: सरळ घेऊन टाका. वाचकांनी बरीच खिल्ली उडवली. त्याच संकेतस्थळानं २०२१मध्ये क्रुशल कंपनीची पी-२ ही एसएसडी (म्हणजे संगणकातली माहिती साठवणारी ड्राइव्ह) पुन्हा तपासून दाखवून दिलं, की नाव तेच ठेवून कंपनीनं आतली मेमरी चिप हलक्या, संथ जातीची घातली आहे. जुनी परीक्षणं मात्र जुन्या, चांगल्या चिपचं कौतुक करत तशीच पडून होती. तेव्हा नावाची पुण्याई थोडी बाजूला ठेवा आणि समोरचा एकेक लेख तपासा.

एसएसडीचं हे प्रकरण आपल्याकडे लॅपटॉप घेताना सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. परीक्षक प्रामाणिक असतो, परीक्षण खरं असतं, आणि तरी तुमची फसगत होते, कारण त्यानं तपासलेलं यंत्र आणि तुमच्या गावातल्या दुकानातलं यंत्र एक नसतं. परदेशी व्हिडिओतल्या लॅपटॉपला १६ जीबी रॅम, उजळ आणि खरे रंग दाखवणारा पडदा; इथल्या खोक्यात त्याच नावाखाली ८ जीबीची एकच पट्टी आणि फिकट पडदा, असं सर्रास होतं. ग्राफिक्स चिपचंही तेच. आरटीएक्स ३०८० हे एकच नाव लॅपटॉपमध्ये ८० वॅटला चालणाऱ्या चिपलाही होतं आणि १५० वॅटच्याही. वेगात मोठा फरक, स्टिकर मात्र सारखं. म्हणून मॉडेलच्या नावावर जाऊ नका. खोक्यावर आणि लॅपटॉपच्या तळाशी छापलेला पूर्ण क्रमांक, अगदी शेवटच्या दोन-तीन अक्षरांसकट, परीक्षणातल्या क्रमांकाशी जुळवा. परीक्षणात तो नसेल तर ते परीक्षण त्या यंत्राची तोंडओळख म्हणून वाचा, त्यावर खरेदी ठरवू नका. दुकानदार 'सेम टू सेम आहे साहेब' म्हणेल. म्हणू द्या.

पुरवणीतल्या कात्रणाबद्दल फार लिहीत नाही. 'दिमाखदार', 'सुसज्ज', 'खिशाला परवडणारा', आणि उणी बाजू एकही नाही: ती कंपनीची प्रेस नोट असते. 'कंपनीच्या दाव्यानुसार बॅटरी १८ तास' हे वाक्य तर खिजगणतीत धरूच नका.

व्हिडिओखालच्या लिंका मात्र नीट पाहा. तिथून तुम्ही खरेदी केलीत की व्हिडिओवाल्याला कमिशन मिळतं. त्यात गैर काही नाही, त्यालाही पोट आहे. पण 'जुन्या लॅपटॉपमध्ये रॅम वाढवा, नवा घेऊ नका' या सल्ल्यावर कुणालाच कमिशन मिळत नाही, म्हणून तो क्वचित ऐकू येतो. ज्याच्यावर विसंबायचं त्याचे मागचे पाच-सहा व्हिडिओ पाहा. 'घेऊ नका' असं तो कधी म्हणाला आहे का? फुकट मिळालेली वस्तू किंवा पैसे घेऊन केलेली शिफारस उघड सांगणं आपल्या देशात बंधनकारक आहे; जून २०२२च्या नियमांनुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तो खुलासा मराठी व्हिडिओखाली बहुधा बारीक इंग्रजीत असतो. 'आणखी पाहा' दाबल्याशिवाय दिसत नाही, तेव्हा दाबा.

चुका सगळ्यांच्या होतात, चांगल्यांच्याही. अमेरिकेतली 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' ही संस्था १९३६पासून आहे. जाहिराती घेत नाही, वस्तू दुकानातून विकत आणून तपासते. डिसेंबर २०१६मध्ये तिनं मॅकबुक प्रोची शिफारस नाकारली, कारण एकाच यंत्राची बॅटरी एका चाचणीत १६ तास आणि दुसऱ्या चाचणीत पावणेचार तास चालली. अ‍ॅपलनं तपासलं तेव्हा कळलं, की चाचणीत सफारी ब्राउझरचं एक आडबाजूचं सेटिंग वापरलं होतं आणि त्यातून ब्राउझरमधलाच एक दोष उघडा पडला होता. दोष दुरुस्त झाला, संस्थेनं पुन्हा चाचणी घेतली आणि जानेवारीत शिफारस दिली. कुणी म्हणेल, संस्था तोंडावर पडली. मला उलट वाटतं. चाचणी कशी घेतली हे तिनं उघड केलं म्हणून खोट शोधता आली, आणि निकाल बदलल्यावर तोही तिनं तितक्याच ठळकपणे सांगितला.

घाई नसेल तर नवं मॉडेल आल्यावर दोन महिने थांबा. तोवर विकत घेऊन लिहिणाऱ्यांची परीक्षणं आलेली असतात, दुरुस्तीवाल्यांकडे पहिली यंत्रं गेलेली असतात आणि किंमतही थोडी उतरलेली असते. ज्यांच्या घरी दोन-तीन वर्षं वापरलेला लॅपटॉप आहे त्यांनाही एक विनंती आहे. जिथून घेतलात तिथल्या ग्राहकांच्या अभिप्रायात आज चार ओळी मराठीत लिहा: पूर्ण मॉडेल क्रमांक, घेतल्याचा महिना, बॅटरी आता किती तास टिकते, हिंज ढिला झाला का, आणि सर्व्हिस सेंटरनं किती दिवस लावले.