‘पहिली स्त्री’ आणि तिच्यानंतरची रिकामी जागा

स्त्रियांची चरित्रे लिहिण्याचा एक साचा आपल्याकडे पक्का झाला आहे. आधी गरिबी, मग जिद्द, मग विरोध आणि अखेरीस ‘पहिली महिला’ हे बिरुद. चरित्रवाङ्मय शिकवताना हा साचा आम्हीही वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना मुद्द्यांच्या रूपाने उतरवून देत आलो, ही कबुली आधीच दिलेली बरी. त्याचा पोकळपणा आम्हांस उमगला तो अमेरिकेतील बास्केटबॉलपटू लुसिया हॅरिसच्या आयुष्याविषयी वाचताना.

हॅरिस १९५५ साली मिसिसिपीतल्या मिंटर सिटी येथे जन्मली. दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे कृष्णवर्णीय कुटुंब. अकरा भावंडांत ती दहावी. डेल्टा स्टेट विद्यापीठाच्या संघाला तिने १९७५, १९७६ आणि १९७७ अशी सलग तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून दिली. १९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. त्या स्पर्धेतले पहिले गुण तिच्या नावावर आहेत आणि तिच्या संघाने रौप्यपदक जिंकले. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर तिने एका सामन्यात ४७ गुण केले.

एवढे असूनही तिच्यावरील लेखांचे मथळे बहुधा एकाच घटनेभोवती घुटमळतात: १९७७ साली न्यू ऑर्लिन्स जॅझ या पुरुषांच्या संघाने सातव्या फेरीत तिची निवड केली. ‘हा बहुमानच नव्हे काय?’ असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, इतक्या मागच्या फेरीत निवडलेल्या पुरुषालाही संघात जागा मिळण्याची शाश्वती नसे. तीन अजिंक्यपदांपेक्षा हे निमंत्रण ज्यांना मोठे वाटते, त्यांच्या लेखी स्त्रीच्या गुणवत्तेवर पुरुषांच्या घरचा शिक्का उमटल्याखेरीज ती सिद्धच होत नाही.

याच लेखांतले दुसरे वाक्य अधिक घातक आहे: ‘तिने संधी नाकारली.’ हॅरिस त्या वेळी गरोदर होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या वर्षी अमेरिकेत स्त्रियांची व्यावसायिक लीग अस्तित्वातच नव्हती. पहिली लीग १९७८ च्या अखेरीस सुरू झाली व १९८१ मध्ये बंद पडली. तीत हॅरिस १९७९-८० चा एकच हंगाम ह्यूस्टन एंजल्सकडून खेळली. डब्ल्यूएनबीएचा पहिला सामना जून १९९७ मधला. तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. जिथे पुढची पायरी बांधलेलीच नव्हती, तिथे ‘नाकारली’ हे क्रियापद कोणत्या अर्थाने वापरायचे? व्यवस्थेने न केलेल्या कामाचा जाब येथे व्यक्तीकडे मागितला जातो, आणि तो एका साध्या वाक्यरचनेच्या आडून.

‘प्रारंभीची कारकीर्द’ हा शब्दप्रयोगही म्हणून तपासून घ्यावा लागतो. प्रारंभ म्हटले की पुढे मध्य आणि उत्कर्ष गृहीत धरले जातात. हॅरिसच्या बाबतीत प्रारंभ हीच जवळजवळ सगळी कारकीर्द होती. पुढे तिने प्रशिक्षक म्हणून, शिक्षिका म्हणून काम केले, मानसिक आजाराशी झुंज दिली. १९९२ साली नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला. तिच्यावरील ‘द क्वीन ऑफ बास्केटबॉल’ या लघुमाहितीपटाला मार्च २०२२ मध्ये ऑस्कर मिळाले; तिचे निधन त्याच वर्षीच्या जानेवारीत झाले होते.

जॅझकडे न गेल्याची आपल्याला खंत नाही, असे ती त्या माहितीपटात सांगते. तिच्या शब्दाचा आम्ही आदर करतो. परंतु तिला खंत नाही म्हणून इतिहासलेखकाचे काम संपत नाही. एका व्यक्तीच्या समाधानाने एका पिढीवरचा अन्याय फिटत नसतो.

म्हणून आमच्या सहअध्यापकांना एक सूचना. यापुढे ‘पहिली महिला’ वाचायला मिळाली की विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारायला लावावेत: दुसरी कधी आली? आणि मधल्या काळात पहिलीने काय केले? या प्रश्नांची उत्तरे ज्या चरित्रात नाहीत, त्याला गौरवग्रंथ म्हणावे. चरित्र म्हणू नये.