दारू हराम आहे हे सगळ्यांना ठाऊक. पण पिणाऱ्याचा इलाज कोण करणार?

२६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन असतो. शाळेत प्रतिज्ञा होते, घोषणा होतात, मग मुलं घरी जातात. एखादं मूल मात्र शाळा सुटली तरी रेंगाळत राहतं. घरी अब्बा पिऊन आलेले असतील, ही त्याला धास्ती असते. आम्हा शिक्षकांना ते न सांगताच कळतं.

अवसरी खुर्दला हा विषय आता लांबचा नाही. गावात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि तंत्रनिकेतन आहे, शेजारी मंचरची बाजारपेठ आहे, बाहेरून शिकायला-कामाला येणारी तरुण मुलं आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यावर पुणे पोलिसांनी छापा टाकला. त्या तपासात हजार किलोहून जास्त मेफेड्रोन, म्हणजे ‘एमडी’, पकडलं गेलं. किमतीची चर्चा खूप झाली. ते ज्या पोरांच्या शरीरात जाणार होतं, त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूचं व्यसन जडलेल्या दर ३८ जणांमागे फक्त एकाला काही मदत किंवा उपचार मिळाल्याचं त्यात दिसतं. बाकीचे ३७ घरातच कुढत असतात.

आपल्याकडे त्यावर आणखी एक कुलूप आहे. दारू हराम, म्हणून “आमच्या घरात असलं काही नाही” असं म्हणायचं. जमातीत इज्जत जाईल, पोरीचं लग्न अडेल. या भीतीने आजार वर्षानुवर्षं लपतो आणि अम्मी एकटीच सोसत राहते. पण हराम म्हणणं आणि माणसाला हाकलणं यात फरक आहे. दारूची पूर्ण मनाई टप्प्याटप्प्याने आली. पिण्याबद्दल वारंवार शिक्षा झालेल्या एका सहाबीला कुणी शिव्याशाप दिले, तेव्हा रसूलुल्लाह ﷺ यांनी त्याला रोखलं, हे बुखारी शरीफमध्ये आहे.

काही गोष्टी घरच्यांनी लक्षात ठेवाव्यात. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू कोंडून, जबरदस्तीने एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरांना दाखवा. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ते सुरू केलं. तिथे औषधांबरोबर समुपदेशन होतं, घरच्यांनाही सामील करून घेतात. सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. पोलिसांची भीती वाटत असेल तर हेही माहीत असू द्या: एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, फक्त सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात.

उपचार घेऊन आलेला माणूस पुन्हा घसरू शकतो. तेव्हा “बघा, सुधरलाच नाही” म्हणू नका, परत डॉक्टरांकडे न्या. जुम्याच्या बयानात मौलानांनी वर्षातून दोनदा तरी हा विषय घ्यावा, जमातीने गरजू घराचा येण्या-जाण्याचा खर्च उचलावा, आणि बरा होणाऱ्याला पहिल्यासारखं काम द्यावं. एवढं झालं तरी शाळा सुटल्यावर रेंगाळणारं ते पोर घरी जाईल. अल्लाह आपल्याला तौफीक देवो.