निळ्या झाकणाखालची भेसळ

महाडहून पोलादपूरकडे निघालेल्या वाहनापुढे दोन चढ उभे असतात : दक्षिणेस कशेडीचा आणि पूर्वेस आंबेनळीचा. कशेडीची जुनी वळणे बोगद्यामुळे पुष्कळ अंशी टळली असली, तरी महाबळेश्वरला जाणारास आंबेनळी आजही चुकत नाही. आणि ज्या चढणीवर एका अंगाला कडा व दुसऱ्या अंगाला दरी आहे, पावसाळ्यात दरडीचे भय नित्याचे आहे आणि वाटेत मेकॅनिक मिळण्याची शाश्वती नाही, तेथे गाडीची शक्ती एकाएकी क्षीण व्हावी, आणि तीही इंजिनाच्या दोषाने नव्हे तर विकत घेतलेल्या एका बादलीतील अशुद्ध द्रवाने, ही गोष्ट मालकाचे दैव म्हणून सोडून देणे कोणत्याही जबाबदार शासनास शोभणारे नाही.

हा द्रव म्हणजे डीईएफ, अर्थात डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड. चालक त्याला सरसकट युरियाच म्हणतात. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज सहाची मानके देशभर लागू झाली आणि डिझेल मोटारीच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली. ती पाळण्यासाठी ट्रक, बस व अनेक मोटारींच्या धुराच्या मार्गात हा द्रव फवारला जातो; उष्णतेने त्यातील युरियापासून अमोनिया तयार होतो आणि उत्प्रेरकाच्या सान्निध्यात तो या घातक वायूंचे नायट्रोजन व पाणी यांत रूपांतर करतो. या योजनेची सारी भिस्त द्रवाच्या शुद्धतेवर आहे. आयएसओ २२२४१ या मानकाप्रमाणे त्यात वजनाने ३२.५ टक्के युरिया व बाकी क्षाररहित पाणी असावे लागते, आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांसारखी द्रव्ये किलोमागे प्रत्येकी अर्ध्या मिलिग्रॅमहून अधिक खपत नाहीत. नळाचे किंवा बोअरचे पाणी माणसाला कितीही गोड लागले, तरी या कसोटीस ते उतरणे नाही.

अशुद्धी शिरते ती कोठून? सर्वांत निंद्य मार्ग शेतीच्या युरियाचा. सरकार भरघोस अनुदान देऊन ४५ किलोची गोणी २७० रुपयांहूनही कमी दरात शेतकऱ्यास पुरविते, आणि २०१५ पासून देशी युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा केला, त्यामागे तो इतर धंद्यांकडे वळू नये हाही एक हेतू होता. भाताच्या खाचरासाठी आलेला तो युरिया साध्या पाण्यात विरघळवून बादलीत भरणारा मनुष्य शेतकऱ्याला आणि गाडीवाल्याला एकाच वेळी लुबाडतो. दुसरा मार्ग निष्काळजीपणाचा : सील तोडलेली बादली रस्त्याकडेला उघडी असते, आणि ज्या नरसाळ्याने मघाशी ऑइल ओतले त्यानेच हा द्रव ओतला जातो. तिसरा मार्ग उन्हाचा. पस्तीस अंशांच्या उष्णतेत हा द्रव जेमतेम सहा महिने टिकतो. मग महाड-पोलादपूरच्या या सावित्री नदीच्या खोऱ्यातील वैशाखात पत्र्याखाली तापलेल्या मालाची ग्वाही कोणी द्यावी? आणि जुलै २०२१ च्या महापुराने महाड शहर जलमय केले त्यासारख्या प्रसंगी बुडालेल्या गाडीच्या टाकीत चिखलपाणी गेले नसेल, असे गृहीत धरणे धोक्याचेच.

परिणाम हळूहळू दिसतात. टाकीच्या झाकणाभोवती व फवाऱ्याच्या तोंडाशी पांढरा खार धरतो, उत्प्रेरकावर क्षारांची पुटे चढतात, डॅशबोर्डवर दिवा लागतो. पुढे जड वाहनाचा जोर कमी केला जातो आणि मोटारीत उरलेल्या किलोमीटरांचा आकडा शून्यावर आला की बंद केलेले इंजिन पुन्हा सुरूच होत नाही. अशा वेळी वरून चांगला द्रव ओतून भागेल, हा समज सोडावा. चूक ओततानाच लक्षात आली तर चावीसुद्धा फिरवू नये. गाडी ओढून न्यावी, टाकी रिकामी करून क्षाररहित पाण्याने धुवावी आणि शंकित द्रवाचा नमुना व पावती जपून ठेवावी, कारण त्यांवाचून फिर्याद उभी राहत नाही. डीईएफच्या टाकीत डिझेल गेले तर रबराची सीले फुगून निकामी होतात. डिझेलच्या टाकीत डीईएफ गेला तर इंजेक्टर व पंप गंजतात.

माझी खरी चिंता याच्याही पुढची आहे. दुरुस्तीचा खर्च टॅक्सीवाल्याच्या किंवा एका ट्रकच्या मालकाच्या आवाक्याबाहेर गेला, की ती यंत्रणाच बंद करून देतो असे सांगणारा त्याला भेटतो. मोटार वाहन कायद्याने हा फेरबदल निषिद्ध आहे. तथापि गाडी चालू लागते, हप्ता चुकत नाही, आणि जो वायू अडविण्यासाठी हा सारा खटाटोप झाला तो पोलादपूरच्या नाक्यावरील दुकानदाराच्या व शाळेकडे निघालेल्या मुलांच्या श्वासात जातो. त्या मालकाला दंड करावाच. परंतु ज्याने त्याला अशुद्ध माल विकला त्यास मोकळे सोडणारा बंदोबस्त अपुरा आणि अन्याय्य आहे.

पेट्रोलपंपावर गाळणीकागद आणि पाच लिटरचे प्रमाणित माप मागण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. त्याच धर्तीवर हा द्रव विकणाऱ्या प्रत्येक ठिकाणी रिफ्रॅक्टोमीटर ठेवणे सक्तीचे करावे. उसाची गोडी पाहणाऱ्या बागायतदाराच्या खिशात असते तसलेच हे लहानसे उपकरण असून द्रवातील युरियाचे प्रमाण क्षणात दाखविते. मात्र त्याला क्षार दिसत नाहीत, तेल दिसत नाही. म्हणून सरकारी यंत्रणेने महामार्गावरील दुकानांतून वेळोवेळी नमुने घेऊन ते प्रयोगशाळेकडे पाठवावेत, बादलीवर तुकडी क्रमांक व उत्पादनाची तारीख नसल्यास माल जप्त करावा, सुटी विक्री बंद करावी, आणि कसूर सिद्ध होताच गाडीच्या दुरुस्तीची भरपाई विक्रेता व उत्पादक यांच्याकडून वसूल करावी. शासनाने नागरिकावर हा द्रव वापरण्याची सक्ती केली आहे; तो शुद्ध मिळेल याची हमी देणे हे त्या सक्तीचेच दुसरे अंग आहे, आणि ते पाळल्याशिवाय पहिल्याचा आग्रह धरण्याचा नैतिक अधिकार शासनास पोहोचत नाही.