इमारत पडली तरी हक्क पडत नाही

अमरावतीच्या प्रभात चौकात ३० ऑक्टोबर २०२२ रोजी एका जुन्या लॉजची इमारत कोसळली आणि पाच माणसे ढिगाऱ्याखाली गेली. इमारत धोकादायक असल्याची नोटीस महापालिकेने आधीच दिली होती, तरीही खालची दुकाने चालू होती. चौकशीचे आदेश निघाले, मदत जाहीर झाली, काही आठवडे शहरभर नोटिसा चिकटल्या. एका प्रश्नाचे उत्तर मात्र आजही आपल्यापाशी नाही. धोकादायक इमारतीतला दुकानदार नोटीस वाचूनही आत का बसून राहतो?

त्याला मरायची हौस नसते. बाहेर पडलो तर परत येता येणार नाही, ही त्याची भीती असते. ही भीती जोवर खरी आहे, तोवर जुन्या वस्त्यांचा पुनर्विकास म्हणजे एकतर अपघाताची वाट पाहणे किंवा गुपचूप हुसकावणे, एवढेच उरते.

अमरावतीचा परकोट १८०७ च्या सुमारास निजामाच्या काळात, पेंढाऱ्यांच्या धाकाने उभा राहिला. जवाहर गेट, अंबागेट, खोलापुरी गेट, नागपुरी गेट ही नावे आजही पत्ता सांगायला लागतात. अकोल्यात मोर्णेच्या काठी असदगड आणि जुने शहर, पलीकडे ताजनापेठ, मोहम्मद अली मार्ग, टिळक रोड. कापसाच्या पैशावर वाढलेली ही दोन शहरे. त्यांच्या जुन्या भागांत शिंपी, गादी-रजई भरणारे, टिनाचे काम करणारे, घड्याळ दुरुस्त करणारे, अत्तरवाले, बेकरीवाले पिढ्यान्‌पिढ्या बसले आहेत. मधल्या काळात ज्यांना जमले ते बाहेरच्या कॉलन्यांत गेले आणि घाऊक कापडबाजारही शहराबाहेर सरकला. तरी किरकोळ गिऱ्हाईक तुटले नाही. आता तर गावी गेलो की दर खेपेला मला एखाद्या गल्लीत नवे मोबाइलचे दुकान, नवे खाण्याचे ठिकाण दिसते आणि शेजारच्या वाड्यावर बिल्डरचा फलकही दिसतो. वस्ती पुन्हा वधारते आहे. प्रश्न एवढाच, की ती वधारेल तेव्हा तिथे कोण असेल?

आपल्याकडे या विषयावर दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, बिल्डर आला म्हणजे मोहल्ला गेला, काही हलवू नका. दुसरा म्हणतो, जुने पाडा, टॉवर बांधा, हाच विकास. मला दोन्ही अपुरे वाटतात.

पहिल्या सुराला वऱ्हाडची मातीच उत्तर देते. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया वर्षातून एकदा तरी हलतो. जुने सागवानी वाडे हे सोसत आले, कारण लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा थोडा वाकतो. मग दुकानाचे तोंड रुंद करायला कुणी खालचा खांब काढतो, कुणी वर स्लॅब टाकतो, शेजारच्या नालीचे पाणी भिंतीत मुरते. मग भार पेलणारे काही राहत नाही. अशी इमारत भावनेवर उभी राहत नाही. मालकालाही सरसकट खलनायक ठरवता येत नाही. विदर्भात १९४९ च्या घरभाडे नियंत्रण आदेशापासून भाडी बांधलेली होती, १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. दुकानाचे भाडे महिन्याला चहा-नाश्त्याच्या बिलाएवढे असेल, तर त्यातून दुरुस्ती होत नाही. शिवाय एका वाड्याचे आठ-दहा वारस, निम्मे पुण्या-मुंबईला किंवा आखातात. सही कोण करणार आणि पैसे कोण घालणार?

दुसऱ्या सुराचे उत्तर भेंडीबाजारात आहे. मुंबईत सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने २००९ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प सुमारे साडेसोळा एकरांचा, अडीचशेच्या आसपास इमारती, तीन हजारांवर कुटुंबे आणि बाराशेंवर दुकाने यांचा. भाडेकरूला किमान ३५० चौरस फुटांचे मालकीचे घर, काम चालू असताना माझगावसारख्या जवळच्या भागात तात्पुरती घरे आणि जुन्या दुकानांना त्याच वस्तीत जागा, हे त्याचे मोठेपण आहे. पण ३१ ऑगस्ट २०१७ रोजी याच प्रकल्पाच्या हद्दीतली हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे गेली. तिच्यातली काही कुटुंबे आधीच हलवली होती, काही राहिली होती. पहिल्या टप्प्याचे मनोरे २०२० मध्ये तयार झाले, म्हणजे अकरा वर्षांनी. मागे खंबीर ट्रस्ट, एकजूट जमात आणि मुंबईचे जमिनीचे भाव असूनही एवढा काळ लागला.

आपल्या इतवाऱ्यात यातले काय आहे? पुनर्विकासाचे गणित सरळ असते: जुन्या रहिवाशांना फुकट दिलेल्या जागेचा खर्च जादा बांधलेली जागा विकून काढायचा. राज्याच्या डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, भाडेकरू असलेल्या जुन्या इमारतींसाठी प्रोत्साहनपर एफएसआयची तरतूद आहे. पण किती बांधता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरही ठरते आणि आपल्या गल्ल्यांत हातगाडी आली की स्कूटर थांबते. जादा जागा बांधता आली नाही तर विकायला काही नाही. मग बिल्डरला तोटा टाळायचा एकच मार्ग दिसतो, तो म्हणजे भाडेकरू कमी करणे. म्हणून आपल्याकडे टॉवरची नक्कल चालणार नाही. तीन-चार शेजारचे प्लॉट एकत्र करून, तळाला दुकाने आणि वर दोन-तीन मजले, टप्प्याटप्प्याने, अशी लहान योजनाच इथे परवडेल.

आता त्या भीतीकडे. कायदा इथे लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच भाडेकरूच्या बाजूने आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने एक मोडकळीला आलेली इमारत पाडली होती. इमारतच नाही म्हणजे भाडेकरार संपला, असा दावा झाला. शहा रतनसी खिमजी प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. इमारत पडल्याने भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असे न्यायालयाने सांगितले. हा निकाल महाराष्ट्रातल्याच, मुंबईबाहेरच्या एका शहरातला आहे. तो आपल्या प्रत्येक व्यापारी संघाच्या कार्यालयात लावायला हवा.

पण हक्क न्यायालयात कागदाने सिद्ध होतो. आपल्या कित्येक दुकानांची भाडेपावती अजून आजोबांच्या नावाने फाटते आणि आजोबांना जाऊन तीस वर्षे झाली. कित्येक ठिकाणी मालक पावती देतच नाही आणि आपण मागतही नाही. १९९९ च्या कायद्यात भाडेकरूच्या निधनानंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या किंवा दुकानाच्या बाबतीत तिथे धंदा करणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरू मानण्याची तरतूद आहे. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. तरीही नाव लावायची वेळ आली की थोरल्या मुलाचे लागते. नवऱ्यामागे वीस वर्षे शिलाईचे दुकान चालवणारी बाई कागदावर कुठेच नसते. उद्या मोजणी झाली तर ती कोण?

आणि ज्याच्याकडे पावतीच नाही त्याचे काय? दुकानाच्या ओट्यावर बसून काज-बटण करणारा, दुकानदाराला दिवसाचे पैसे देऊन मशीन लावणारा कारागीर कुठल्याच योजनेत भाडेकरू नसतो. नव्या इमारतीला ओटाच नसतो. बाहेर हातगाडी लावणाऱ्याला निदान २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, ओट्यावरच्याला तोही नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. चालू असलेली जुनी प्रणाली बदलायची तर आमच्याकडे आधी यादी होते, तिच्यावर कोण कोण अवलंबून आहे याची. ती नसेल तर जुनी प्रणाली बंद करायची परवानगीच मिळत नाही. इमारतीच्या बाबतीत एवढी साधी शिस्त मागणे जास्त आहे काय?

म्हणून महापालिकांकडे तीन मागण्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी अपेक्षित आहे. ती कोणाची झाली, कोणाची नाही, याची यादी प्रभागनिहाय जाहीर करा. कलम २६४ ची नोटीस देतानाच आत कोण आहे, किती चौरस फुटांत आहे, कोणता धंदा आहे, याचा पंचनामा करा आणि त्याची प्रत प्रत्येकाच्या हातात द्या, ओट्यावरच्यालाही. आणि नव्या इमारतीचा नकाशा मंजूर करताना परतीचा नोंदणीकृत करार पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एक मागणी आपल्या स्वतःकडे. या मोहल्ल्यांत मालक नेहमीच कुणी शेठ नसतो. बऱ्याचदा तो मशिदीचा किंवा दर्ग्याचा वक्फ असतो आणि मुतवल्ली आपल्यातलाच असतो. वक्फची दुकाने नाममात्र भाड्याने अडवून ठेवणारा भाडेकरू आपल्यातला आणि चार जणांच्या बैठकीत जागा बिल्डरला देऊ पाहणारा विश्वस्तही आपल्यातला. वक्फ कायद्यात तीस वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला जागा नाही आणि भाडेपट्टा देण्याची रीत नियमांत ठरलेली आहे. ती पाळा, हिशेब फलकावर लावा, भाडे बाजाराच्या जवळ न्या आणि ते देणाऱ्याला पक्की पावती द्या. बिल्डरकडून पारदर्शकता मागणाऱ्यांनी सुरुवात आपल्या अंगणापासून केली, तर त्या मागणीला वजन येते.

पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा नोटिसा चिकटतील. त्याआधीचे काम सोपे आहे. शुक्रवारी नमाजनंतर, रविवारी व्यापारी संघाच्या बैठकीत, एक कायदा जाणणारा वकील आणि एक अभियंता बसवा. गल्लीतल्या प्रत्येक दुकानाची पावती, वीजबिल, परवाना आणि प्रत्यक्ष बसणाऱ्या माणसाचे नाव नोंदवा. मालकालाही बोलवा. ज्याचे नाव कागदावर आहे आणि परतीचा करार हातात आहे, तो दुकानदार नोटीस आल्यावर शटर ओढून जिवंत बाहेर पडेल.