डोळ्यांचा रंग आणि शाळेंतील शेवटची रांग

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, तुमचें पोर शाळेंतून घरीं आलें कीं तुम्ही विचारतां, "आज काय शिकलास?" तें पाढे म्हणून दाखवितें आणि तुम्ही समाधान पावतां. परंतु पाढ्यांखेरीज आणखी एक गोष्ट तें रोज शिकत असतें, व ती पुस्तकांत छापलेली नसते. आपण वर्गांत कोण आहों आणि शेजारचा कोण आहे, ही ती गोष्ट. ही त्यास कोण शिकवितें? आम्ही मास्तर लोकच शिकवितों. ह्याचा पुरावा अमेरिकेंतील एका खेड्याच्या बाईंनीं दिला आहे, तो आज सांगावयाचा आहे.

अमेरिकेच्या आयोवा राज्यांत राइसव्हिल नांवाचें लहानसें गांव आहे. भोंवतालीं सगळी शेती. तेथें जेन एलियट नांवाच्या बाई तिसरीचा वर्ग शिकवीत असत. ४ एप्रिल १९६८ रोजीं काळ्या लोकांचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग ह्यांस मेंफिस शहरीं गोळी घालून ठार करण्यांत आलें. दुसऱ्या दिवशीं मुलें शाळेंत आलीं. सगळीं गोरीं, वर्णद्वेष म्हणजे काय हें त्यांस व्याख्यानानें कसें कळावें? म्हणून बाईंनीं डोळ्यांच्या रंगावरून वर्गाचे दोन भाग केले. एका भागास सांगितलें, तुम्ही श्रेष्ठ. दुसऱ्यास सांगितलें, तुम्ही हलके. मग पुढच्या वेळीं उलट केलें.

हा पाठ त्यांनीं पुढील वर्षींही घेतला. १९७० सालीं त्याचें चित्रीकरण झालें, म्हणून काय घडलें तें आजही पाहावयास मिळतें. पहिल्या दिवशीं निळ्या डोळ्यांचीं मुलें वरचीं. तपकिरी डोळ्यांच्या मुलांच्या गळ्यांत कापडी पट्टा, लांबून ओळखूं यावें म्हणून. वरच्यांस खेळाची सुटी पांच मिनिटें अधिक. आणि तपकिरी डोळ्यांच्यांनीं पाण्याच्या नळास तोंड लावावयाचें नाहीं, कागदी पेल्यानें प्यावयाचें! अमेरिकेच्या दक्षिणेंत काळ्यांचे नळ एके काळीं खरोखरच वेगळे असत. वाचकहो, तुम्हांस आपला पाणवठा आठवला काय? माणसास हलका ठरवावयाचें म्हटलें कीं कोणत्याही देशांत पहिला हात पाण्यावरच पडतो.

गुण्यागोविंदानें खेळणारीं मुलें पंधरा मिनिटांत दुष्ट झालीं, असें बाई सांगतात. सुटींत एकानें दुसऱ्यास "तपकिरी डोळ्यांचा" म्हटलें आणि मारामारी झाली. डोळे कालचेच होते. काल तो नुसता रंग होता, आज ती शिवी झाली.

परंतु आमच्या काळजास झोंबली ती पुढची गोष्ट. अक्षरांच्या पत्त्यांचा एक गठ्ठा मुलांस वाचावयास दिला होता. गळ्यांत पट्टा असतां तपकिरी डोळ्यांच्या मुलांस तो वाचावयास साडेपांच मिनिटें लागलीं. दुसऱ्या दिवशीं पट्टा निघाला, आणि त्याच मुलांनीं तो अडीच मिनिटांत संपविला. एका रात्रींत त्यांची बुद्धि दुप्पट झाली काय? अर्ध्या वाफ्यांस पाणी द्यावें, अर्धे कोरडे ठेवावे, आणि मग बियाण्यास दोष द्यावा, असा हा प्रकार.

तें चित्र पाहिल्यावर आम्हीं आपल्याच वर्गाकडे पाहिलें. शेवटच्या रांगेंत नऊ पोरें बसत. "ढ" ठरवून आम्हींच तीं तेथें बसविलेलीं. जात पाहून आम्हीं कोणास बसविलें नव्हतें, ह्याचा आम्हांस अभिमानही होता. परंतु हजेरीपट घेऊन एकेक नांव वाचलें, तों नवांपैकीं सात पोरें गांवाबाहेरच्या दोन वस्त्यांवरचीं निघालीं. आम्ही लोहाराच्या घरीं जन्मलों. आमच्या वडिलांस वरच्या लोकांनीं ओसरीखालीं उभें केलेलें आम्हीं पाहिलें आहे व तें आजवर विसरलों नाहीं. आणि आम्हींच आपल्या वर्गांत एक ओसरी बांधून ठेविली होती! ट्रेनिंग कॉलेजांत आम्हांस पाठाचें टाचण काढावयास शिकविलें. हा पाठ आम्ही टाचणावांचून वर्षानुवर्षें देत आलों.

कोणी म्हणेल, मग हा प्रयोग आपल्या शाळांतूनही करा. आमचें मत तसें नाहीं. मुलांस आधीं न सांगतां त्यांस असें दुखवावें काय, हा आक्षेप त्या बाईंवरही घेतला गेला, आणि तो फोल नाहीं. राइसव्हिलच्या पोरांचा पट्टा सायंकाळीं सुटला. आमच्यांतल्या कित्येक पोरांच्या गळ्यांत तो पाळण्यांतच बांधलेला असतो. त्यास दिवसभर हलकें ठरवून काय नवीन शिकविणार?

आम्हांस दुसरी वाट अधिक पटते. अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयानें १९५४ सालीं काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरविल्या. आमच्याकडे शाहू महाराजांनीं १९१९ सालींच करवीर संस्थानांत अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडल्या होत्या. परंतु एका छपराखालीं बसल्यानें मनें एक होत नाहींत. टेक्सास राज्यांतील ऑस्टिन शहरीं तेढ वाढली, तेव्हां १९७१ सालीं एलियट ॲरनसन नांवाच्या प्राध्यापकांनीं एक युक्ति काढली. पांच-सहा मुलांचा गट करावा. त्यांत सर्व प्रकारचीं मुलें असावींत. धड्याचे तितकेच तुकडे करून प्रत्येकास एक द्यावा, आणि त्यानें तो इतरांस शिकवावा. परीक्षा मात्र सगळ्या धड्याची. अडखळत बोलणाऱ्या एका मेक्सिकन वंशाच्या मुलास इतर हिणवूं लागले. पण त्याचा तुकडा त्याच्याचपाशीं! हिणवून आपलेंच नुकसान होतें हें कळल्यावर तीं त्यास नीट प्रश्न विचारूं लागलीं, आणि तोही बोलूं लागला.

येथें शहाणा वाचक म्हणेल, "मास्तर, गांवगाड्यांतही सुतारावांचून नांगर व चांभारावांचून मोट अडत होती, तरी उच्चनीच गेली काय?" खरें आहे. गेली नाहीं, कारण तेथें कोणाचें काम कोणतें हें जन्मानें ठरलेलें, आणि पानही वेगळें. वर्गांतल्या तुकड्यांची किंमत सारखी असावी व ते रोज बदलावे. ज्याच्यापाशीं आज शेवट आहे, त्याच्यापाशीं उद्यां सुरुवात असावी. एवढा एक फरक सारें फिरवितो.

आम्हीं शेवटची रांग मोडली, त्यास दोन वर्षें झालीं. सर्व सुधारलें असें म्हणणार नाहीं. आमच्याच नात्यांतले एक गृहस्थ "आमचा पोरगा त्याच्याजवळ कां?" म्हणून भांडून गेले. परंतु नवांपैकीं पांच पोरें आतां सरसर वाचतात, आणि तीं कोणत्या घरचीं हें त्यांच्या वाचण्यावरून ओळखूं येत नाहीं.

म्हणून आमची विनंति एवढीच. पोर घरीं आलें कीं "काय शिकलास?" ह्याबरोबर "कोणाशेजारीं बसलास?" हेंही विचारा. उत्तर रोज एकच येत असेल, तर शाळेंत येऊन आम्हां मास्तरांस जाब विचारा. आणि शेजारीं बसलेल्याचें नांव ऐकून तुमच्याच कपाळास आठी पडली, तर तो जाब प्रथम घरांत विचारा.