पिना जुळल्या म्हणजे केबल जुळली का?

सरकारी रुग्णालयांच्या स्टोअरमध्ये निर्लेखनाची वाट पाहत पडलेल्या यंत्रांत एखादे ईसीजी यंत्र मुळात ठणठणीत असते. गेलेली असते ती फक्त केबल, आणि तिच्या टोकाचा कनेक्टर आता कुणी बनवत नाही. एवढ्याशा तुकड्यापायी चालते यंत्र भंगारात निघते.

जुने संगणक जपणाऱ्या हौशी मंडळींना हे दुखणे चांगले ठाऊक आहे. १९८४ च्या मॅकिंटॉशला बाहेरून फ्लॉपी ड्राइव्ह जोडायला १९ पिनांचा डीबी-१९ कनेक्टर लागे. तो बाजारातून नाहीसा झाल्यावर लोकांनी २५ पिनांचा कनेक्टर कापून, घासून वेळ मारून नेली. अखेर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका हौशी अभियंत्याने इतरांना सोबत घेऊन चिनी कारखान्याकडून १०,००० नग नव्याने बनवून घेतले.

रुग्णालयातही असा जुगाड चालतो, आणि तो सरसकट वाईट नाही. यंत्रातली माहिती संगणकाकडे नेणारी ९ पिनांची सिरियल केबल तंत्रज्ञ लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून, मल्टिमीटरने एकेक पिन तपासून बनवू शकतो. मात्र रुग्ण जोडलेला असताना पलीकडे साधा संगणक असेल, तर गळतीचा विद्युतप्रवाह रुग्णापर्यंत पोहोचू नये म्हणून मध्ये आयसोलेटर हवाच.

रुग्णाच्या अंगाकडे जाणारी केबल मात्र घरी बनवू नये. अनेक ईसीजी यंत्रांचा १५ पिनांचा कनेक्टर जुन्या संगणकाच्या जॉयस्टिक पोर्टसारखाच दिसतो. पण पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते. काही केबलींच्या आत रेझिस्टर असतात. डिफिब्रिलेटरचा झटका देताना यंत्राला इजा होऊ नये, ही त्यांची कामगिरी. बाहेरून ते दिसत नाहीत. ‘आलेख निघतोय ना, मग झाले’ हा युक्तिवाद वॉर्डात हमखास ऐकू येतो. हातांच्या लीड उलटसुलट झाल्या तरी आलेख निघतोच. चुकते ते निदान.

याहून भयंकरही घडले आहे. पूर्वी लीडच्या टोकाला उघड्या धातूच्या पिना असत. अमेरिकेत त्या चुकून विजेच्या वायरीत खोचल्या गेल्या आणि लहान मुले दगावली. म्हणून १९९७ मध्ये तिथल्या एफडीएने अशा उघड्या पिनांना मनाई करणारा नियम केला. भंगारातल्या जुन्या लीड पुन्हा वापरात आणणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

खरा दोष जुगाड करणाऱ्या तंत्रज्ञाचा नाही. खरेदीच्या निविदेतच पिनांच्या मांडणीचा नकाशा आणि केबलींचे दोन जादा संच मागायला हवेत. निर्लेखन समितीची सही होण्याआधी माहितीच्या केबली आणि पॅनेलवरचे कनेक्टर काढून, यंत्राचे नाव लिहून ठेवायला हवेत. ‘ठेवायला जागा नाही’ असे उत्तर यावर मिळते. बुटांच्या एका खोक्यात असे कितीतरी कनेक्टर मावतात.